बाळाच्या कानापुढचं ते बारीक भोक

मुरगूडजवळच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पूर्ण दिवस भरून जन्मला. संक्रांतीनंतर घरी बोरन्हाण झालं. हलव्याचे दागिने घालताना नणंदेला बाळाच्या उजव्या कानापुढे टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं. कानाची वरची कड खाली येऊन गालाला मिळते, बरोबर तिथे. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाई म्हणतात, ७ सप्टेंबरच्या चंद्रग्रहणात सूनबाईनं पेरू चिरला, त्याचा हा दोष. दिरानं मोबाइलवर वाचलं की हे माशाच्या कल्ल्यांचे अवशेष असतात. शेजारच्या एकांनी सांगितलं की अशा मुलांच्या किडनीत दोष असतो, ताबडतोब सोनोग्राफी करा. कुणी म्हणालं, आत्ताच कापून टाका, मोठेपणी त्रास होईल. आणि आजोबांना नातवाला भिकबाळी घालायची आहे, ती घालावी की नाही, हाही प्रश्न आहे.

ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी एक ओळ लिहिली आहे, "माझ्यामुळे झालं का, एवढंच खरं सांगा." म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्यामुळे झालेलं नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. दिवसांचा हिशोबच तसा आहे. बाळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवसांचं जन्मलं, म्हणजे गर्भधारणा फेब्रुवारीच्या विसाव्या तारखेच्या आसपासची. गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आताच्या मानेच्या खालच्या भागात, कानाच्या जागी सहा बारीक उंचवटे उगवतात. तीन पुढच्या बाजूला, तीन मागच्या. स्विस शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून आमच्या पुस्तकांत ते त्यांच्याच नावानं ओळखले जातात. हे सहा उंचवटे एकमेकांत मिसळून कानाचा बाहेरचा आकार घडतो. सहा गोळे कणीक जवळजवळ ठेवून एकजीव करायला घ्यावी आणि एखादी सांध नीट बुजायची राहावी, तसं काहीसं घडलं की तिथे एक बारीक बोगदा शिल्लक राहतो. तुमच्या बाळाच्या बाबतीत हे काम गेल्या गुढीपाडव्यापासून जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंतच्या पंधरवड्यात झालं. तेव्हा बाळ भाताच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं होतं आणि दिवस गेल्याचं तुम्हालाही नुकतंच कळलं असेल. ग्रहण आलं भाद्रपद पौर्णिमेला. तोपर्यंत हे भोक तिथे येऊन पाच महिने झाले होते.

सासूबाईंना हे जसंच्या तसं वाचून दाखवा. त्यांच्याशी वाद घालायला सांगत नाही. आमच्या भागात गरोदर बाईनं ग्रहणात चिरू-कापू नये हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं, आणि नातवाच्या काळजीपोटीच त्या बोलल्या असणार. पण त्या एका वाक्याचं ओझं बाळंतीण किती दिवस वाहते, हे मी रोज समोरच्या खुर्चीत बघतो. बाळाला पाजताना आईचा जीव थाऱ्यावर नसेल, तर त्या दोषापेक्षा हा दोषारोप बाळाला जास्त महागात पडतो.

आता याचं नाव. आम्ही याला प्रीऑरिक्युलर सायनस म्हणतो, म्हणजे कानापुढची नळी. १८६४ साली हॉयसिंगर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याची नोंद केली, पण त्याआधीही लोकांना ती असायचीच. अमेरिकेत शंभरात एकापेक्षा कमी लोकांना, तैवानमध्ये शंभरात दोघांच्या आसपास, तर आफ्रिकेच्या काही भागांत शंभरात चार ते दहा जणांना ही असते. म्हणजे तुमच्या गावच्या जत्रेत गर्दीत उभं राहिलात, तर आजूबाजूला अशी बरीच माणसं असतील. निम्म्याहून अधिक जणांना ती एकाच बाजूला असते आणि त्यातही उजवीकडे थोडी जास्त.

ही घराण्यात उतरू शकते. दोन्ही कानांपुढे असेल तर आनुवंशिक असण्याचा संभव अधिक. मात्र ती पिढीत सलग दिसेलच असं नाही. आईकडून किंवा वडिलांकडून गुण उतरतो, पण भोक दिसत नाही, आणि पुढच्या पिढीत ते उमटतं. तुम्ही लिहिलंय, "आमच्या घरात कुणालाच नाही." एकदा सगळ्यांचे कान उजेडात बघा, मग सांगा. माझ्याकडे एक कुटुंब शाहूवाडीकडून आलं होतं, तेही असंच म्हणालं. मी सवयीनं सोबतच्या सगळ्यांचे कान बघितले. आजोबांनी टोपी काढली, तर डाव्या कानापुढे केसांच्या कडेला तेच. ते म्हणाले, "ह्ये व्हय? ह्ये तर माज्या जल्मापास्नं हाय. पर कुणी इचारलंच न्हाई." सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर ऊस केला, कानाची कधी तक्रार नाही. अशी भोकं बहुतेकांना असतात तशीच, गप्प, आयुष्यभर.

कल्ल्यांबद्दल दोन ओळी पुरेत. माणसाच्या गर्भाला कोणत्याही टप्प्यावर कल्ले नसतात. गर्भाच्या मानेजवळ काही कमानी तयार होतात. माशात त्यांच्यापासून कल्ले घडतात, माणसात जबडा, कानातली चिमुकली हाडं, कंठाचे भाग आणि बाहेरचा कान घडतो. सुरुवात सारखी दिसते, एवढंच. तुमच्या बाळाच्या कानापुढे माशाचं काही राहिलेलं नाही. दिरांना सांगा की वाचलेलं अर्धं खरं होतं.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो, कारण या भोकापायी तुम्हाला खरोखर एकच काम तातडीनं करायचं आहे, आणि ते किडनीचं नाही. ते ऐकण्याचं आहे.

जन्मल्यावर बाळाची कानाची तपासणी झाली होती का? डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर ओएई असं लिहिलेलं असेल आणि पुढे दोन्ही कानांचा निकाल असेल. नसेल, तर ही तपासणी करून घ्या. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडासारखं एक टोक ठेवतात, यंत्र बारीक आवाज सोडतं, आणि आतला कान त्याला प्रतिसाद देतो का ते मोजलं जातं. सुई नाही, भूल नाही, बाळ पाजून झोपलेलं असेल तर काही मिनिटांचं काम. त्यात शंका आली तर बेरा नावाची पुढची तपासणी होते. तिच्यात डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात.

ही तपासणी का, तेही सांगतो. इस्रायलमध्ये नवजात बाळांची एक पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. कानापुढे असं भोक किंवा मांसाचा बारीक कोंब असलेल्या बाळांमध्ये कायमचं कमी ऐकू येण्याचं प्रमाण हजारी ८ निघालं, इतर बाळांत हजारी दीड. आकडा उलट्या बाजूनंही वाचा. हजारातली ९९२ बाळं व्यवस्थित ऐकत होती. तुमचं बाळ त्यांतलंच असण्याची शक्यता फार मोठी आहे. पण त्या आठांत असेल, तर ते आज कळणं आणि तीन वर्षांनी कळणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ऐकू न येणारं मूल हसतं, वळून बघतं, दूध पितं, अंगावर झेपावतं. घरच्यांना काहीच वाटत नाही. मग दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही. "याचा बाप पण उशिराच बोलला," असं म्हणत आणखी वर्ष जातं. माझ्याकडे अशी मुलं चार वर्षांची होऊन येतात. भाषा पकडण्याचे मेंदूचे सगळ्यात मोलाचे दिवस तोवर निघून गेलेले असतात, आणि तेव्हा आईच्या डोळ्यांत बघणं मला अजूनही जमत नाही.

म्हणून जगभर एक साधा नियम पाळतात. एका महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान पक्कं, आणि दोष असेल तर सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. तुमचं बाळ फेब्रुवारीच्या मध्यावर तीन महिन्यांचं होईल. पहिला टप्पा हुकला असला तरी दुसरा हातात आहे. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या नाक-कान-घसा विभागात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपण तपासण्याच्या यादीत आहे. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. पण त्यांची वाट बघत थांबू नका. आशाताईंना सांगून पत्र घ्या आणि तुम्हीच जा.

तपासणी चांगली आली, तरी पुढेही लक्ष असू द्या. दार आपटलं की दचकतो का, सहाव्या महिन्यात आवाजाच्या दिशेला मान वळवतो का, वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द येतो का. शंका आली तर पहिल्या निकालावर विसंबू नका, पुन्हा तपासा.

आता किडनी. शेजाऱ्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात कानापुढची भोकं, मानेवरची भोकं किंवा गाठी, कमी ऐकू येणं आणि किडनीतले दोष एकत्र येतात. साधारण ४०,००० माणसांत एकाला तो असतो आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. पण कानापुढचं भोक हजारांत कितीतरी जणांना असतं आणि हा आजार चाळीस हजारांत एकाला. मग नुसत्या भोकावरून प्रत्येक बाळाची सोनोग्राफी करणं मला योग्य वाटत नाही. पैशांपेक्षाही, त्यात किडनीला किंचित सूज असं काहीतरी लिहून येतं. पुष्कळ बाळांत ती आपोआप जाते, पण घर सहा महिने झोपत नाही.

मी सोनोग्राफी केव्हा सांगतो, ते सांगतो. बाळाच्या मानेवर पुढच्या बाजूला आणखी एखादं भोक असेल आणि त्यातून पाण्यासारखं काही पाझरत असेल. ऐकण्याची तपासणी नापास झाली असेल. कानाचा आकार वेगळा असेल, चेहऱ्याची एक बाजू लहान असेल, जबडा मागे असेल, हृदयाचा किंवा आणखी कोणता जन्मजात दोष असेल. घराण्यात लहानपणापासून बहिरं कुणी असेल किंवा किडनीचा आजार असेल. आईला गरोदरपणात साखर वाढली असेल किंवा गर्भाला बाधक ठरणारं औषध पोटात गेलं असेल. यातलं एकही असेल तर किडनीची सोनोग्राफी जरूर करा, तिथे मी आढेवेढे घेत नाही. तुमच्या पत्रावरून यातलं काही दिसत नाही, पण बाळाची मान तुम्ही स्वतः उजेडात नीट बघा. तान्ह्या बाळाच्या मानेला घड्या असतात, भोक त्यांत लपतं. आणि पाचव्या महिन्यातल्या तुमच्या सोनोग्राफीचा कागद शोधा. त्यात बाळाच्या दोन्ही किडन्यांबद्दल लिहिलेलं असतं. तो कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, म्हणजे तोही विषय मिटेल.

एक वेगळी गोष्ट इथेच नोंदवतो, कारण ती चुकली तर महागात पडते. नेहमीचं भोक कानाच्या वरच्या कडेपुढे असतं. भोक कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्याजवळ असेल, किंवा गालावर गळू येऊन त्याच वेळी कानाच्या आतून पू येत असेल, तर तो निराळा प्रकार असतो. ती नळी चेहरा हलवणाऱ्या शिरेच्या अगदी जवळून, कधी तिच्या फांद्यांमधून जाते. तिला गावातल्या कुणी गळू समजून कापलं, तर तोंड वाकडं होण्याचा धोका आहे. अशा ठिकाणी एमआरआय करून, अनुभवी माणसाच्याच हातून शस्त्रक्रिया व्हावी.

आता भोकाची रोजची निगा. बहुतेक लोक इथेच चुकतात.

बाहेर दिसतं ते टाचणीएवढं, पण आत नळी काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर जाते, कधी तिला फाटे फुटतात, आणि तिचं टोक बहुधा कानाच्या कुर्चेला, म्हणजे कानातल्या मऊ, लवचीक हाडाला, चिकटलेलं असतं. नळीला आतून कातडीचंच अस्तर असतं. कातडी असली की ती झडणार, तिला तेल सुटणार. बाहेरच्या कातडीचा मळ अंघोळीत निघून जातो, आतल्याला वाट फक्त ते भोक. म्हणून कधीकधी तिथून पांढरट, दह्याच्या कणासारखं, वास येणारं काहीतरी येतं. लाली नाही, दुखत नाही, ताप नाही, तर तो पू नव्हे. ओल्या मऊ कापडानं वरून पुसायचं आणि विसरून जायचं.

दाबून आतलं काढायला जाऊ नका. हे मी प्रत्येक आजीला आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या प्रत्येक मावशीला हात जोडून सांगतो. मावशी टाळू भरतात, नाकात-कानात तेल सोडतात, आणि असं भोक दिसलं की बोटानं पिळून त्यातही तेलाचा थेंब सोडतात. नजर लागू नये म्हणून काजळाची तीट नेमकी त्या भोकावर लावलेलीही बघितली आहे. काजळ आत गेलं की आतच राहतं. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, यांतलं काहीही त्या भोकात घालू नका. आतलं नाजूक अस्तर ओरखडलं की जंतूंना दार उघडतं, आणि एकदा पू झाला की ती नळी पुन्हा पहिल्यासारखी गप्प बसेलच असं नाही. साध्या पाण्यानं अंघोळ, कोरडं टिपणं, एवढंच पुरे. पुढे मोठा झाला की खुशाल विहिरीत पोहू दे, भोक सुजलेलं नसेल तर पाण्याचं भय नाही. जोतिबाच्या यात्रेला जाल तेव्हा मात्र परतल्यावर गुलाल त्या जागेवरून हलक्या हातानं धुऊन टाका. चैत्र यात्रेनंतरच्या आठवड्यात सुजलेले कान माझ्याकडे येतात.

पू झालाच तर? जागा लाल होते, दुखते, गरम लागते, कधी ताप येतो. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाचे, कातडीवर नेहमी राहणारेच जंतू कारण असतात. लवकर आलात तर अँटिबायोटिकच्या औषधांनी आणि कोमट शेकानं बसतं. गोळ्या दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. हळद, चुना, कांद्याचं पोटीस लावून गळू पिकवायचा प्रयत्न करू नका. इथे पिकवणं म्हणजे आतली नळी फाडून पू आजूबाजूच्या मांसात पसरवणं. गळू झालंच, तर मी आधी सुईनं पू ओढून काढतो आणि तो तपासणीला पाठवतो. त्यानं भागलं नाही तरच बारीक छेद. मोठी चिरफाड केली की आत डाग धरतो, नळीच्या फाट्यांचा माग लागत नाही, आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते.

माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालमीतला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा आला होता. कानापुढे, गालाच्या वरच्या बाजूला गळू. पैलवानाचे कान आधीच घासून जाड झालेले, लाल मातीत रोजचा सराव, मला वाटलं घामामातीनं गळू झालं. कापलं, बरं झालं. तीन महिन्यांनी पुन्हा तिथेच. पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या आईनं त्याचे केस मागे सारून विचारलं, "डॉक्टर, ह्ये बारकं भोक बगितलासा काय? त्यास्नंच घाण येतीया." भोक गळवापासून दीड बोट वर होतं, केसांखाली झाकलेलं. मी दोनदा गळू बघितलं आणि कान बघितला नाही. त्या मुलाची पुढची शस्त्रक्रिया माझ्या दोन छेदांमुळे लांबली आणि डाग मोठा राहिला. ती चूक मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कानाच्या आसपास पुन्हा पुन्हा येणारं गळू कुणाचंही असो, मी आधी केस बाजूला करतो. काहींना तर भरत नसलेली ती जखम टीबीची समजून महिनोन्‌महिने औषधं दिलेली असतात. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गालावर, कानापुढे एकाच जागी वारंवार गळू येत असेल, तर आरशात कानाच्या वरच्या मुळाशी नीट बघा आणि डॉक्टरांनाही दाखवा.

शस्त्रक्रियेचं माझं मत असं. ज्या भोकानं कधी त्रास दिला नाही, ते काढू नये. तुमच्या बाळाचं आत्ता काढण्याचं काहीच कारण नाही. पुढे त्रास होईल म्हणून तान्ह्याला भूल देणं मला पटत नाही, कारण बहुतेकांना तो कधीच होत नाही. एकदा पू होऊन औषधांनी सहज बसला, तर मी वाट बघतो. काही सहकारी पहिल्या वेळीच काढावं म्हणतात, त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण एकदा पू झालेली नळी पुन्हा पिकते. दुसऱ्यांदा झाला, किंवा गळू कापावं लागलं, तर मात्र काढून टाकावी असं मी स्पष्ट सांगतो. पण पू असताना कधीच नाही. सूज पूर्ण ओसरू द्यायची, सहा ते आठ आठवडे जाऊ द्यायचे, मग करायची.

शस्त्रक्रिया दिसायला छोटी असते आणि म्हणूनच फसवी. नुसतं भोक आणि त्याची नळी सोलून काढली, तर शंभरात वीस ते चाळीस जणांत ती परत येते, कारण अस्तराचा एखादा बारीक फाटा आत राहतो. त्याऐवजी छेद कानापुढून थोडा वर नेऊन, नळीच्या आजूबाजूचं सगळं मांस आणि कुर्चेचा तिला चिकटलेला कपचा एकत्र काढला, तर परत येण्याचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास उतरतं. नळीचा माग काढायला निळा रंग आत सोडतात, मी सूक्ष्मदर्शकाखाली करतो. लहान मुलाला पूर्ण भूल लागते, मोठ्यांचं जागा बधिर करून होतं. टाके आठवड्यानं निघतात. डॉक्टरांना आधीच विचारा, "कुर्चेचा भाग काढणार का? अशा किती केल्यात?" असं विचारलं तर कुणी चांगला डॉक्टर रागावत नाही.

राहिला आजोबांचा प्रश्न. कान टोचायला हरकत नाही. कानाची पाळी खाली, भोक वर, दोघांचा संबंध येत नाही. बाळाच्या लसी वेळेवर झालेल्या असू द्या, सुई नवी असू द्या, मग गुजरीतल्या सोनाराकडे टोचा नाहीतर डॉक्टरकडे. भिकबाळीचं मात्र तसं नाही. ती कानाच्या वरच्या भागात घालतात, आणि बहुधा उजव्याच कानात. तिथे कुर्चा आहे, आणि तुमच्या बाळाची नळी त्याच कुर्चेला जाऊन मिळाली असण्याचा संभव आहे. कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती वरच्या पातळ आवरणावर जगते. तिथे जंतू गेले तर कान सुजून, कुर्चा विरघळून, कानाचा आकार कायमचा आवळून जातो. भोक नसलेल्या मुलांतही असं झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून या नातवाच्या उजव्या कानाला वरच्या बाजूला सुई लागू देऊ नका. आजोबांची हौस खालच्या पाळीत मोत्याची बाळी घालून भागवा. भिकबाळी हवीच असेल तर मुलगा मोठा झाल्यावर, त्याच्या इच्छेनं, टोचावी न लागणारी दाबाची मिळते ती घालता येईल.

ऐकण्याच्या तपासणीचा निकाल आला की मला कळवा. येताना डिस्चार्ज कार्ड, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा कागद आणि जमलं तर आजोबांनाही सोबत घेऊन या. त्यांचेही कान मला बघायचे आहेत.